भाजलेल्या भाजीचं अंगचं पाणी: फेकण्याआधी हे वाचा (नवीन स्वयंपाक शिकणाऱ्यांसाठी)

भरीत करायला वांगं भाजून परातीत ठेवलं की दहा मिनिटांत त्याच्याखाली तपकिरी पाणी साचतं, तुम्ही पाह्यलं असेलच. बहुतेक जण वांगं सोलतात, गर उचलतात आणि परात सरळ मोरीत ठेवतात. मी पण लग्नाआधी तेच करायची, कोणी सांगितलंच नव्हतं. लग्न होऊन यवतमाळकडून हिंगणघाटकडच्या गावात आले आणि पहिल्याच हिवाळ्यात सासूबाईंनी परात माझ्या हातातून घेतली, म्हणाल्या, "फेकू नको वं पोरी, सारी चव तर याच्यातच उतरली." परात तिरपी करून त्यांनी ते पाणी वाटीत घेतलं, जेमतेम चार-पाच चमचे असेल, आणि रात्री वरणाच्या फोडणीत टाकलं. तूर घरचीच, हळद-तिखट रोजचंच, पण त्या दिवशी वरणाला जो चुलीचा वास आणि गोडसर चव आली ती मला अजून आठवते. तेव्हापासून आमच्या घरात भाजलेल्या भाजीचं पाणी मोरीत जात नाही.

रूमवर राहून नवीन नवीन स्वयंपाक करणारी पोरं, नुकतं लग्न झालेल्या पोरी, यांच्यासाठी हे पहिल्यापासून लिहिते, कारण हे पाणी कुठं टाकायचं आणि मुख्य म्हणजे कुठं नाही टाकायचं हे माहीत नसलं तर वरण बिघडतं आणि माणूस म्हणतो जाऊ दे, फेकलेलंच बरं.

आधी हे पाणी येतं कुठून

वांग्यात साधारण ९२ टक्के पाणीच असतं, टमाटरात ९४ च्या आसपास, कांद्यात ८९. आच लागली की भाजीच्या आतल्या पेशींच्या भिंती ढिल्या पडतात आणि आत धरून ठेवलेलं पाणी सुटायला लागतं, सोबत भाजीतली साखर, आंबटपणा, क्षार हे पण घेऊन येतं. उकडलेल्या भाजीचं पाणी वेगळं, त्यात आपण वरून तांब्याभर पाणी ओतलेलं असतं त्यामुळं चव फिकी होते. भाजताना वरून काही घालतच नाही, उलट थोडं पाणी वाफ होऊन उडून जातं, म्हणून जे उरतं ते दाट आणि चवीचं असतं.

दुसरं म्हणजे भाजलेला तपकिरी रंग. भाजीतली साखर आणि प्रथिनांचे घटक जास्त आचेवर एकमेकांसोबत मिळून नवीन वास आणि रंग तयार करतात, याला मेयार्ड अभिक्रिया म्हणतात, मेयार्ड नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ मध्ये ती मांडली होती. भाकरीवरचे डाग, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास, खमंग कांदा, सगळं त्यातलंच. आणि टमाटरात ग्लुटामेट नावाचा चव वाढवणारा घटक आपसूकच असतो, तोही गरापेक्षा बियांभोवतीच्या बुळबुळीत भागात जास्त, आणि भाजताना पहिले वाहून जातो तो नेमका तोच भाग. म्हणून टमाटरचं पाणी तर बिलकुल सोडू नका.

भाजायच्या आधी

भाजी धुवून घ्या हे सांगायची गरज नाही असं वाटेल पण इथं त्याला जास्त महत्त्व आहे, कारण सालीवरचं जे असेल ते सगळं त्या पाण्यात उतरणार. आमच्याकडे वांग्याला शेंडे-फळ पोखरणारी अळी लागते म्हणून फवारणी होतेच. घरच्या वावरातली वांगी असतील तर औषधाच्या डब्यावर फवारणीनंतर किती दिवसांनी तोडायचं ते लिहिलेलं असतं, तेवढे दिवस जाऊ द्या. बाजारातली असतील तर वाहत्या पाण्याखाली हातानं चोळून धुवा, देठाच्या टोपीखाली बोट घालून धुवा, मग फडक्यानं कोरडी करा. ओली भाजी नीट भाजत नाही, नुसती वाफलते.

वांगं फुटू नये म्हणून सुरीनं टोचतात, चांगलं आहे, पण चारी बाजूनं भोकं पाडली की सगळं पाणी निखाऱ्यावर नाहीतर बर्नरवर गळून जातं. देठाजवळ वर दोनच टोचे मारा, पुरतात. आत अळी आहे का पाहायचं असेल तरी चीर देठाकडूनच द्या, बुडाकडून नको.

लौकी (दुधी), काकडी, दोडकं यांच्याबद्दल एक गोष्ट फार जपून. भाजायच्या आधी छोटा तुकडा जिभेवर ठेवून पाहा आणि कडू लागला तर थुंकून टाका आणि ती भाजी फेका, तिचं पाणीही फेका, अजिबात दया दाखवू नका. या वेलवर्गात कुकुर्बिटासिन नावाचं विष कधी कधी तयार होतं, शिजवल्यानं ते जात नाही, आणि आपल्या देशात कडू लौकीचा रस पिऊन माणसं दगावलेली आहेत. कारल्याचा कडूपणा वेगळा, त्यात घाबरायचं काही नाही, पण त्याचं पाणी वरणात टाकायच्या लायकीचं नसतं एवढंच.

भाजणं

चूल असेल तर जाळावर नाही, निखाऱ्यावर भाजा. पऱ्हाटी-तुराटीचा, म्हणजे कपाशी-तुरीच्या वाळक्या काड्यांचा, जाळ भडकतो आणि साल लगेच काळी होते पण आत वांगं कच्चंच राहतं. जाळ खाली बसू द्या, निखारे पसरा, वर थोडी राख राहिली तरी चालते, मग वांगी, कांदे ठेवा आणि अधूनमधून देठ धरून फिरवा. चूल पेटवायला प्लॅस्टिकची पन्नी किंवा रंगवलेलं लाकूड वापरत असाल तर त्या निखाऱ्यावर खायची वस्तू भाजू नका.

गॅसवर जाळी ठेवून वांगं चांगलं होतं, टमाटर मात्र तव्यावर करा. मधून दोन भाग करायचे आणि कापलेली बाजू वर ठेवायची, म्हणजे अर्ध टमाटर वाटीसारखं होतं आणि त्याचं पाणी त्याच्यातच साचतं. उलटं ठेवलं की पाणी तव्यावर पडून करपतं. कांदा सालीसकट भाजला तर त्याचं पाणी सालीच्या आतच राहतं, सोलताना वाटी खाली धरा. भाजलेल्या कांद्याचं पाणी थोडंसंच निघतं पण गोड असतं, कारण डोळ्यात पाणी आणणारा त्याचा तिखटपणा भाजताना निघून जातो.

कोणाकडे ओव्हन असेल तर कोहळं (लाल भोपळा), गाजर, फुलकोबी, आलू, कांदे तेल-मीठ चोळून २०० डिग्रीवर ३५ ते ४० मिनिटं, आणि ट्रे काठाचा घ्या, सपाट घेतला तर पाणी खाली सांडून ओव्हनला चिकटतं. लोखंडी कढईत झाकण ठेवून मंद आचेवर केलं तरी तेच होतं, कढईत पाणी जास्तच सुटतं कारण वाफ झाकणाला लागून परत खाली पडते. फक्त टमाटरसारखी आंबट भाजी लोखंडात फार वेळ ठेवू नका, पाणी काळपट होतं आणि लोखंडाचा वास लागतो. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात आणि अॅल्युमिनियममध्ये तर हे पाणी ठेवायचंच नाही, आंबट वस्तू त्या धातूला खाते. स्टील, काच, चिनीमाती, बस.

पाणी धरायचं कसं

इथं थोडं थांबून सांगते कारण सगळी मेहनत इथंच वाया जाते.

खोलगट परात घ्या. एका बाजूखाली बेलणं ठेवा म्हणजे परात थोडी तिरपी होईल. भाजलेली वांगी वरच्या बाजूला ठेवा, देठ वर बूड खाली, बुडाला आता सुरीनं एक चीर द्या, आणि वरून दुसरं ताट झाका. दहा-पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. आतल्या आत वाफ धरून साल सुटते आणि पाणी हळूहळू उतरून खालच्या काठाशी जमा होतं. झाकण काढलं की दिसेल, आधी पिवळसर असलेलं पाणी हवा लागून तपकिरी होत जातं, वर एखादा जळक्या सालीचा पापुद्रा तरंगत असतो, आणि वास येतो तो थेट वावरातल्या पार्टीचा.

आता सोलणं. नळाखाली धरून सोलू नका, कृपा करून नका. भरभर साल निघते म्हणून पुष्कळ जणी तसंच करतात आणि भाजलेली सगळी चव नळाच्या पाण्यासोबत वाहून जाते. वाटीत पाणी घेऊन बाजूला ठेवा, बोटं त्यात बुडवून सोला, काळं साल बोटाला चिकटलं की परत बुडवा. गराला थोडं काळं राहिलं तर राहू द्या.

कढईत किंवा ट्रेवर भाजी केली असेल तर तळाला जी तपकिरी खरवड चिकटते ती पण कामाची. भांडं गरम असतानाच दोन-चार चमचे कडक गरम पाणी टाका आणि लाकडी सराट्यानं (उलथण्यानं) खरवडा, विरघळून येते. काच नाहीतर चिनीमातीच्या गरम भांड्यात गार पाणी टाकू नका, तडकतं. आणि रंग पाहा. गुळासारखा तपकिरी असला तर घ्या, कोळशासारखा काळा असला तर फेका, करपलेली चव कितीही पाणी घालून जात नाही.

शेवटी चहाच्या गाळणीतून गाळा. राख लागली असेल तर सुती फडक्यातून. वर तेल तरंगत असेल तर वाटी थोडी गार होऊ द्या आणि चमच्यानं ते तेल वेगळं काढून ठेवा, फोडणीला कामी येतं.

चाखून ठरवा

हे पाणी प्रत्येक वेळी सारखं नसतं त्यामुळं कुठल्याही भाजीत टाकायच्या आधी अर्धा चमचा चाखा. जून, बियांचं वांगं असलं तर पाणी कडवट लागतं, थोडं कडवट असेल तर डाळीत खपून जातं, तोंड वाकडं होण्याइतकं असेल तर सोडून द्या. टमाटरचं आंबट-गोड. कोहळ्या-गाजराचं गोड, ते तिखट रश्शात छान बसतं. फुलकोबी-पत्ताकोबीचं पाणी वासाला उग्र असतं, ताजं ताजं ठीक आहे पण ठेवलं की वास वाढतो, मी ते त्याच जेवणात संपवते.

मीठ लावून भाजलं असेल तर ते मीठ पाण्यात उतरलेलं असतं. म्हणून नियम एकच, हे पाणी पडणार त्या पदार्थात मीठ आधी अर्धंच घालायचं, बाकीचं चाखून.

वरण आणि डाळभाजी: डाळ शिजल्यावरच

ही चूक मी केली आहे म्हणून ठासून सांगते. एकदा निंदणाच्या बायका होत्या वावरात, बारा जणींचा स्वयंपाक, आणि आदल्या रात्रीचं टमाटरचं मोठं गंजभर (पातेलंभर) पाणी फ्रीजमध्ये पडलेलं. मी म्हटलं डाळीलाच लावते, चांगली चव येईल. कुकर लावला, चार शिट्ट्या झाल्या, उघडला तर डाळ तशीच टणक. परत चार, परत बोटचेपी नाहीच. गॅस गेला, वेळ गेली, बायका अकरा वाजता बांधावर येऊन बसल्या आणि मी त्यांना लोणच्यासोबत भाकर दिली, फार वाईट वाटलं मला त्या दिवशी. नंतर कळलं की आंबटपणात डाळीच्या दाण्याची भिंत मऊ पडतच नाही. चिंच, टमाटर, दही, सगळ्याचं तेच. हरभरा, लाखोळी, वाल, वाटाणा सगळ्याला लागू, आणि आलूला पण, आंबट पाण्यात आलू शिजायला फार वेळ घेतो.

म्हणून डाळ आधी साध्या पाण्यात हळद टाकून पूर्ण शिजवून, घोटून घ्या. मग फोडणी करा, तेलात मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, लाल मिरची, आणि लसूण लाल झाला की अर्धी वाटी हे पाणी फोडणीत ओता. चरचर आवाज होईल, दोन मिनिटं उकळून थोडं आटू द्या, तिखट घाला आणि मग घोटलेली डाळ. एक वाटी कच्च्या तुरीच्या डाळीला अर्धी वाटी पाणी बरोबर होतं, त्याच्या वर गेलं की वरण भाजीच्या पाण्यासारखं लागतं. पाच मिनिटं उकळा, वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर. पालकाची डाळभाजी करत असाल तरी हेच, तिथं वांगं-लसूण भाजलेलं पाणी टमाटरपेक्षा चांगलं लागतं असं माझं मत आहे, आमच्या घरात यावर दोन पक्ष आहेत.

चून: यातलं सगळ्यात चांगलं

मला कोणी विचारलं की एकच काय करू तर मी चूनच सांगेन. पुण्या-मुंबईकडे पिठलं म्हणतात ते. बेसनाला स्वतःची चव सौम्य असते त्यामुळं भाजलेला वास तो पूर्ण धरून ठेवतो.

दोन माणसांना अर्धी वाटी बेसन. पातळ करायला एकूण दीड वाटी पाणी लागतं, त्यातलं अर्धी वाटी भाजीचं पाणी आणि एक वाटी साधं. दोन्ही गार पाहिजेत, गरम पाण्यात बेसन टाकलं की पिठाच्या बाहेरचा थर लगेच शिजून गुठळी बनते आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. आधी थोड्या पाण्यात बेसन घट्टसर कालवा, सगळ्या गाठी मोडा, मग बाकीचं पाणी घालून पातळ करा.

कढईत दोन चमचे तेल, मोहरी-जिरं, सहा-सात पाकळ्या लसूण ठेचून, हिरवी मिरची, एक बारीक कांदा. कांदा नरम झाला की हळद, तिखट. आमच्याकडे वायगावची हळद आणि भिवापुरी मिरचीचं तिखट असतं, तुमच्याकडे जे असेल ते. आता कालवलेलं बेसन एका हातानं ओता आणि दुसऱ्या हातानं सारखं हलवत राहा, हात थांबला की तळाला धरलंच समजा. घट्ट व्हायला लागलं की आच कमी करा, झाकण ठेवा, सहा-सात मिनिटं, मधून दोनदा हलवून. कच्च्या बेसनाचा वास गेला आणि कडेनं तेल दिसायला लागलं की झालं. मीठ शेवटी, चाखून. सोबत ज्वारीची भाकर आणि कच्चा कांदा फोडून. वांगं न खाणारी माझी पोरगी हे चून दोनदा मागून घेते आणि आत काय आहे ते मी तिला सांगितलेलं आहे, तरी खाते.

बाकीच्या जागा

भात किंवा खिचडीत साध्या पाण्याच्या बदल्यात मापाला माप घ्या, वरून जास्तीचं नाही. एका वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी घेत असाल तर अर्धी वाटी हे, दीड वाटी साधं. सोलेभातात कोहळ्याचं नाहीतर कांद्याचं गोड पाणी टाकून पाहा, हिवाळ्यात तुरीचे हिरवे दाणे असतात तेव्हा. खिचडीत मुगाची डाळ असते म्हणून आंबट पाणी तिथं नको, वर सांगितलं तेच.

ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो म्हणून भाकरीला उकळतं पाणी लागतं, तेव्हा हे पाणी साध्या पाण्यात मिसळून नीट उकळी आणा आणि मग पिठात ओता. तेलकट पाणी मी भाकरीला घेत नाही, थापताना कडा फुटतात. तेलकट असेल ते पराठे, थालीपीठ, धिरडी यांना द्या, तिथं उलट फायदा.

वाटण वाटायला तर फारच छान. सावजी पद्धतीचा रस्सा करताना भाजलेलं खोबरं, कांदा, खसखस मिक्सरमधून काढायला पाणी लागतंच, ते साधं कशाला घालायचं. कढीत पण चालतं पण जपून, कढी होऊन खाली उतरली की वांग्याचं दोन-तीन चमचे वरून, उकळत्या कढीत नको. दुधाच्या, सायीच्या कुठल्याही पदार्थात टमाटरचं पाणी टाकू नका, फाटतं.

आणि ज्या भाजीतून पाणी निघालं त्याच भाजीत परत टाकायचं का? टमाटरच्या चटणीत सगळं परत टाका, तव्यावर आटवून. भरतात मी निम्मंच टाकते, पूर्ण टाकलं तर भरीत पसरतं आणि भाकरीवर बसत नाही.

ठेवायचं असेल तर

विदर्भातला उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे, मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. शिजलेल्या अन्नात जंतू ५ ते ६० डिग्रीच्या मधे वाढतात, म्हणजे उन्हाळ्यात आपला ओटा त्यांच्यासाठी एकदम सोयीचा. हिवाळ्यात दोन तासांच्या आत आणि उन्हाळ्यात तासाभरात हे पाणी एक तर वापरा नाहीतर फ्रीजमध्ये टाका. मडक्याजवळ, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं म्हणजे टिकलं असं होत नाही, त्यानं गार वाटतं पण फ्रीजइतकं गार कधीच होत नाही. मी एकदा एप्रिलमध्ये रात्रभर झाकून ओट्यावर ठेवलं, सकाळी वर बारीक फेस आणि आंबूस वास. तसं झालं की उकळून वापरू असा विचार करू नका, काही जंतूंचं विष उकळूनही राहतं. गाईच्या टोपल्यातही टाकू नका.

फ्रीजमध्ये काचेच्या बरणीत झाकण लावून तीन दिवस, फार तर चार. वापरताना पूर्ण उकळी आली पाहिजे. आमच्याकडे वीज जाते, दार उघडलं नाही तर फ्रीज साधारण चार तास गारवा धरतो, त्याच्या वर वीज गेली तर मी ते पाणी ठेवत नाही. जास्त जमलं असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, गोठले की तुकडे डब्यात काढा, वरणाला दोन तुकडे टाकले की काम झालं. तीन महिन्यांपर्यंत चव चांगली राहते. तारखेची चिठ्ठी लावा, नाहीतर कोहळ्याचं कोणतं आणि वांग्याचं कोणतं काही कळत नाही.

तेलात लसूण भाजला असेल तर ते तेल-पाणी बाहेर बरणीत भरून ठेवू नका. तेलाखाली हवा जात नाही आणि तिथं बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात, वास नाही, रंग नाही, कळतच नाही, आणि आजार जीवघेणा आहे. लगेच फ्रीज आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

कोणी जपायचं

या पाण्यात पोटॅशियम असतं, भाजीतून उतरलेलं. किडनीचा त्रास असून डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितलेल्या माणसाला हे देऊ नका. बीपी असेल तर मीठ न लावता भाजलेल्याचंच वापरा. आणि हे काही औषध नाही, सकाळी उपाशीपोटी ग्लासभर पिण्याची गोष्ट नाही, ही चवीची गोष्ट आहे. अळूच्या पानाचं आणि अळूच्या कंदाचं पाणी मात्र कच्चं-अर्धकच्चं वापरू नका, पूर्ण शिजू द्या, घशाला खाजतं.

झाडांना टाकायचं असेल तर बिनमिठाचं, बिनतेलाचं, गार झालेलं, आणि दुप्पट साध्या पाण्यात मिसळून. खारट पाण्यानं तुळस वाळते.

वावरातल्या रोडग्यांच्या दिवशी

घरात जमायला लागलं की वावरात करून पाहा. रोडगे (कणकेचे गोळे) गवऱ्यांच्या आगटीत टाकतात तेव्हा निखारे उरतातच, त्याच राखेत वांगी, कांदे, टमाटर पुरतात. तिथं ना परात ना जाळी. पळसाची मोठी पानं तोडून धुवा आणि दोन पानांचा द्रोण करा, काडीनं टोचून, तळाला भोक राहू देऊ नका. भाजलेलं वांगं राखेतून काडीनं ओढून काढा, फुंकून राख उडवा, फडक्यानं पुसा, आणि देठ वर धरून द्रोणात उभं ठेवा. बुडाला चीर. वरून तिसरं पान झाका. तोवर बाजूला वरणाचा गंज उकळत असतोच. पाणी उतरलं की सुती फडक्यातून गाळून, राखेचे कण राहिले नाहीत ना ते उजेडात पाहून, गंज चुलीवरून उतरवायच्या पाच मिनिटं आधी त्यात ओता आणि झाकण ठेवा.